मोबाइलमधली आई

३ जून, सिल्वासा
आलो एकदाचे! धुळ्याहून दोन पिशव्या, एक गादी आणि चार वर्षांची रोशनी. खोली एवढीशी, पण मोरी आतच आहे. हर्षलला दोऱ्याच्या कंपनीत नाइट, मला पॅकिंगमध्ये डे. म्हणजे पोरीजवळ दोघांतलं एक कायम असणार. मी जाम खूश आहे.

११ जून
रोशनी बापाच्या हातून जेवत नाही. मोबाइल लावला की तोंड उघडते, नाहीतर ताट भिरकावते. हर्षल म्हणाला, तूच भरवतानाचा व्हिडिओ काढून ठेव. काय डोकं चालवलं गड्यानं! काढला. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, मोजून तीन मिनिटं. आज ताट चाटूनपुसून साफ.

२ जुलै
आता ती दिवसभर तोच व्हिडिओ बघते. नाइट करून आलेला हर्षल झोपलेला असतो, त्याला तरी काय बोलणार? संध्याकाळी हाक मारली, तर माझ्या गालावर बोट ठेवून वर सरकवलं तिनं. मला हसू आलं. शेजारच्या तानूबाई इथल्याच, जवळच्या किलवणी गावच्या. त्या हसल्या नाहीत. पोरीला मानसांत आना, म्हणाल्या.

१९ जुलै
परवा मोबाइल काढून घेतला. ती माझ्या हाताला कडकडून चावली, मग भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस अन्न नाही. शेवटी दिला. चूक माझीच आहे, मीच सवय लावली.

२७ जुलै
रविवार. मांडीवर घेऊन भरवायला बसले. मला ढकलून म्हणाली, "तू नको. आई भरवेल." मग मोबाइलशी बोलली, थांबली, मान डोलावली. व्हिडिओत मी तिला काहीच विचारत नाही.

३० जुलै
व्हिडिओ पुसून टाकला. तरी आज दुपारी ती पोटभर जेवली. कशी? हर्षल म्हणतो, झोपेत तुझा आवाज ऐकला, तूच तर भरवत होतीस —
मी कंपनीत होते.

२ ऑगस्ट
व्हिडिओ परत आलाय. आता अकरा मिनिटांचा. माझाच गाऊन, माझंच तोंड. मी हे कधी —
रोशनी मला बघून रडते.

५ ऑगस्ट
शिफ्ट सुटली. दाराला आतून कडी. हर्षल घोरतोय, उठत नाही. पायरीवर बसून लिहितेय.
आत माझा आवाज. रोशनी खुदुखुदु हसतेय. किती दिवसांनी.
दार वाजवलं. रोशनी म्हणाली, आई, उघडू नको, ती बाई आली.
आतून माझ्याच आवाजात विचारलं, कोण पाहिजे?
मी म्हटलं, मी रोशनीची —