अण्णांच्या मापाचा ओटा

आई, कामथडीचा कारखाना विकायचा नाही असं ठरलं. तुझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही, तुझ्या वेळी तिथं नुसती शेतं होती. पण बातमी कळल्यापासून कधी एकदा तुला सांगते असं झालंय, कारण हे ठरलं त्यात आपल्या ओट्याचा हात आहे.

माझं काम तुला समजावून सांगायची वेळच आली नाही, तू गेलीस तेव्हा मी नोकरीसाठी अर्ज करत होते. आता कंपन्यांचे मालक मला बोलावतात आणि विचारतात, पुढं काय होईल. पेट्रोलच्या गाड्या राहतील की सगळ्या बॅटरीवर जातील, आज माणूस करतो ते काम उद्या कॉम्प्युटर करेल का. पासलीचे मामा मला कंपन्यांची ज्योतिषीण म्हणतात आणि पोपट कुठं ठेवलाय म्हणून विचारतात. खरं सांगायचं तर पुढं काय होईल ते मला माहीत नसतं, आणि मालकांना हे सांगायला मी फार उशिरा शिकले. मी त्यांना बसवते, तीन-चार वेगवेगळे उद्या त्यांच्यापुढं मांडते आणि विचारते, यातला कुठलाही आला तरी तुम्हाला करावंच लागेल असं काय आहे? ते आधी करून टाका. बाकीचं बघत बघत करू. याचे मला पैसे मिळतात, हे ऐकून तू हसली असतीस.

शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये यायचे. तू कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसलेली असायचीस, एका भोकातून दोरी उपसायची, दुसऱ्यात खुपसायची, आणि भोरमधल्या निम्म्या लोकांची बोलणी तुझ्या हाताखालून जायची. "बोला, कुठला नंबर हवाय आपल्याला?" असं तू इतकं शुद्ध बोलायचीस की मला ही कुणी दुसरीच बाई वाटायची. मग हेडफोन बाजूला सारून म्हणायचीस, "डबा खाल्लास का गं?" आणि मला हायसं वाटायचं. दर वर्षी कुणीतरी पुण्याहून बातमी आणायचं की यंदा ऑटोमॅटिक येणार, बोर्ड बंद होणार. बोर्ड गेल्यावर बोर्डावरच्या बायांचं काय होणार, ते तुमच्या साहेबांनाही माहीत नव्हतं. वरून काही आलेलं नाही, असं ते बिचारे खरंच सांगायचे. तेव्हापासून आपल्या घरात एकच वाक्य राहायला आलं. शिवणाचं मशीन घेऊया का, असं अण्णांनी विचारलं की तू म्हणायचीस, एक्स्चेंजचं काय ते कळू दे. घराला रंग देऊया का? एक्स्चेंजचं काय ते कळू दे. स्वयंपाकघरात ओटा घालायचाही तसाच राहिला. स्टोव्ह जमिनीवर, तू उकिडवी बसून भाकरी थापणार, आणि उठताना दाराची चौकट धरून म्हणणार, "गुडघं गेलं माजं."

मी पाचवीत होते. तू म्हणालीस, स्कॉलरशिपची गणितं घेऊन बस. मी सागरगोटे खेळत होते, मान वर न करता म्हणाले, "एक्स्चेंजचं काय ते कळू दे, मग बघू." पाठीत असा धपाटा बसला की सागरगोटे खाटेखाली गेले. अण्णा एसटीची ड्युटी संपवून नुकतेच आले होते, ते हसले, मग त्यांनाही चार शब्द ऐकावे लागले. मग तू परत स्टोव्हकडं वळलीस. तव्यावरची भाकरी करपून धूर यायला लागला तरी तू तिच्याकडं नुसती बघत होतीस. मी रडायची थांबले, कारण मला भीती वाटली. शेवटी तवा खाली घेतलास आणि अण्णांना म्हणालीस, "एक्स्चेंज ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे, भाकरी तर थापायचीच हाय नव्हं? मग म्या कशाची वाट बगतीय?" रविवारी गवंडी दारात होता.

त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या मापानं धरू का?" तू म्हणालीस, "माज्या नगं. ही पोरगी बापावर जाणार हाय. ह्येंच्या मापानं धर." अण्णा एवढे उंच की आपल्याच दारात वाकून यायचे. त्यांना भिंतीला टेकून उभं केलं आणि गवंड्यानं त्यांच्या पट्ट्याखाली कोळशाची रेघ मारली. तो कुरकुरला, "लई उंच व्हतंय, बाई." तू म्हणालीस, "व्हऊ दे. तवर म्या पाटावर हुबी ऱ्हाईन." बुद्धपौर्णिमेची खीर तू त्या ओट्यावर केलीस, पाटावर उभी राहून, पदर खोचून, आणि खिडकीतून शेजारच्या बाईला उगाच हाक मारलीस, तिनं बघावं म्हणून. पुढं खरंच ऑटोमॅटिक आलं. तुला बिलाच्या खिडकीवर बसवलं, तेवढंच. त्या दिवशी तू घरी आलीस, "आलं बाई एकदाचं," म्हणालीस, आणि दुपारी ढाराढूर झोपलीस. तुला दुपारी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. अण्णांनी बाहेर रेडिओसुद्धा लावू दिला नाही.

मी मात्र वाढले नाही. दहावीपर्यंत तुझ्याएवढी झाले आणि तिथंच थांबले. "थांब, काही पोरी उशिरा वाढत्यात," असं तू माझ्या हळदीच्या दिवशीही मावशीला सांगत होतीस. आपण दोघी आळीपाळीनं त्या पाटावर चढायचो आणि तो कुणी न्हाणीत नेला की भांडायचो. ओट्याची गोष्ट मी आता प्रत्येक कंपनीत सांगते, पण रविवारी गवंडी आला इथंच थांबते. उंचीचं कधी सांगत नाही. आईचा अंदाज साफ चुकला, असं सांगणाऱ्या बाईचा सल्ला कोण घेणार?

कामथडीचा मालक माझ्याच वयाचा, कारखाना त्याच्या वडिलांनी काढलेला. दुचाकींच्या पेट्रोल इंजिनात लागणारे भाग तिथं बनतात. इंजिनंच राहिली नाहीत तर काय, या काळजीनं त्यानं सगळं थांबवून ठेवलं होतं. छप्पर गळतंय, मशीनच्या बाजूला बादल्या ठेवल्यात. कुणाला नवीन काही शिकवायचं नाही, नवीन गिऱ्हाईक शोधायचं नाही. चांगली माणसं एकेक करून हायवेवरच्या दुसऱ्या कारखान्यांत चाललेली. त्यातच एक गोदामवाला ती जागा विकत मागत होता आणि शुक्रवारपर्यंत त्याला होकार द्यायचा होता. बुधवारी कारखान्यातच आमची बैठक झाली. कामगारही बसले पाहिजेत, असा हट्ट मी धरला होता. भोंगवलीहून येणाऱ्या एक बाई तिथं माल तपासायला आहेत, आणि तेच काम आता कॅमेरा करणार असं सगळीकडं बोललं जातंय. त्या म्हणाल्या, "साहेब, शिकायचं आसंल तर शिकू, न्हाईतर तसं सांगा, दुसरीकडं बगू. पर टांगून ठिवू नका. जेवान ग्वाड लागत न्हाई."

मालक खाली बघत राहिला. मी ओट्याची गोष्ट सांगितली, नेहमीच्या ठिकाणी थांबले. त्यानं वर बघून विचारलं, "मॅडम, ओटा बांधला आणि तोच चुकला तर?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये तक्त्यासकट तयार होतं. पण त्याचा चेहरा बघून मला ते दाखववेना. मग सांगितलं सगळं. कोळशाची रेघ, अण्णांचा पट्टा, न वाढलेली मी, पाट. सगळे हसले. भोंगवलीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पर तुमच्या आईला परत खाली बसाय लागलं का?" मी म्हणाले, "नाही. कधीच नाही." मालकानं छपराकडं बघितलं, बादलीकडं बघितलं आणि म्हणाला, "आधी हे छप्पर करून घेऊ."

गुरुवारी त्यानं गोदामवाल्याला नाही म्हणून कळवलं. छप्पर झालं. भोंगवलीच्या बाई आणि आणखी काही जण कॅमेऱ्याचं मशीन चालवायला शिकतायत, पाण्याच्या पंपांचे भाग करायची बोलणी चाललीत. मोठं मशीन घ्यायचं की नाही ते पुढच्या वर्षी बघू, असं ठरलंय. पुढं सगळं नीट होईल का, ते मला ठाऊक नाही, आई. पण त्या बुधवारी गाडीत बसले तरी लगेच निघाले नाही. त्यानं जागा विकली असती तरी माझा अहवाल पूर्ण झाला असता आणि माझं बिलही निघालं असतं, हे आठवलं, आणि आता तसं होणार नाही असं वाटून रडू आलं. कापूरहोळला पुण्याकडं न जाता भोरकडं वळले. घरी आले, पिठलं-भाकरी केली, जेवले आणि भर दुपारी झोपले.

गेल्या आठवड्यात फरशा बदलायला गवंडी आला होता. म्हणाला, "ताई, ओटा लई उंच झालाय, तोडून खाली घिऊ का?" मी नको म्हणाले. त्याला वाटलं, मला खर्च नकोय. तसं वाटू दिलं. हे लिहून झालं की घडी घालून ओट्यावरच्या पिठाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकणार? एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. माझे केस पांढरे झालेत, पण अजूनही भोरला आले की आधी चपला काढते आणि त्या ओट्याला पाठ लावून ताठ उभी राहते, वाढले का ते बघायला.