चिखलातले लपण

१४ नोव्हेंबर १९९७, प्लेनो

यांच्या साहेबांनी बदकांच्या शिकारीला बोलावले आहे, आणि उथळ पाण्याच्या, चिखलाच्या शेतात दडून बसायचे लपण यांनी निवडायचे आहे.

"नाही कसं म्हणू? व्हिसाचे कागद त्यांच्याच टेबलावर आहेत. कॅटलॉग तूच वाच यार, बोर्डात आलेली ना तू!"

मी वाचला. आडवे पडायच्या लपणात पाणी शिरेल, उभे लपण बदकांना दिसेल. सपाट बुडाचे, गवताने झाकायचे तेच योग्य. प्रश्न आला की अचूक उत्तर द्यायचे, ही माझी जुनी खोड. यांनी लगेच फोनवर ऑर्डर केले.

मग मी बुद्धवंदनेला बसले. प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे पहिले शील म्हणताना ते सपाट बूडच डोळ्यांपुढे. निदान आज तरी उत्तर चुकवता आले नसते का...

बदकांना काहीच दिसणार नाही. इतके चांगले निवडले आहे मी.