धर्मशाळेच्या मागच्या पडव्या

आबा, आज चुलींची पडवी पाडली. गाड्यांची कालच गेली. तुम्ही जन्मभर राखलेल्या आपल्या शिरपूरच्या धर्मशाळेचा रस्त्याकडचा दगडी भाग राहणार आहे, मागचं सगळं जाणार. तिथे दुकानांचे गाळे निघतील. उद्या बैलांची पडवी, आणि तिच्या टोकाची कडब्याची खोली, म्हणजे आपलं घर.

या पडव्या कुणी बांधल्या हे तुम्हाला ठाऊक असणार, मी कधी नीट विचारलं नाही. मला आठवतात ते भरलेले दिवस. कापसाच्या गाड्या जिनिंगला निघाल्या की मुक्काम इथेच. बैल पाणी प्याल्याशिवाय कुणाची चूल पेटायची नाही, हा तुमचा नियम. एक भुकेला गाडीवान चिडलेला अजून दिसतो. "आबा, बैल काय जावई शे का तुमना?" तुम्ही हौद भरता भरताच म्हणता, "तू मांगीसन खाशी रे भाऊ, त्याले मांगता येस का?" सगळी पडवी हसते, तोही हसतो आणि बादली उचलतो. पुढे ट्रॅक्टर आले, टेम्पो आले. बैलांच्या जागी भंगार आलं, मांडवाचे बांबू आले. तुम्ही त्या पडवीत तरीही रोज झाडू मारायचात आणि मला राग यायचा. तुम्ही गेल्यावर धर्मशाळेच्या पंचांनी आईला खोलीत राहू दिलं, एवढं मात्र खरं.

आईची नजर गेली, आबा. बैल बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत आहेत ना, त्या चाचपत ती हौदापर्यंत जाते, तोंड धुते, परत येते. कुणाचा हात धरत नाही. धुळ्याला माझ्या दोन खोल्या, त्याही दुसऱ्या मजल्यावर. मागे तिला नेलं होतं, तर पलंगावरून उतरली नाही. न्हाणीत जायचं तरी मला हाक, आणि हाक मारताना तिचा आवाज असा, जणू ती दुसऱ्या कुणाच्या घरी चोरून आली आहे. पंचांच्या दारी जाऊन मी पाया पडले. एक जण म्हणाला, "ताई, आई तुमची की धर्मशाळेची?"

तुम्ही काय केलं असतं? घर पाडतायत म्हटलं तर ती चौकट धरून बसेल, आणि तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागतील. ते माझ्याने होणार नाही. आज भिंत कोसळली तेव्हा तिने विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, रस्त्याचं काम चाललंय. आणि म्हटलं, उद्या धुळ्याला जायचंय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तिने स्वतःच चाचपून ठेवणीतलं लुगडं काढलं, उशाशी ठेवलं, आणि हळूच विचारलं, "माले दिसी का वं?"

मी हो म्हटलं, आबा.