डावीकडे न वळणारी गाडी

फ्रीसबर्ग, मिशिगन
ऑगस्ट १९७८, बुधवार

आदरणीय विब काका,

लॉयडचा नमस्कार. मार्सियाचाही. (ती आत झोपली आहे, पण जागी असती तर तिनेही केलाच असता.) तुमची पाठ आता कशी आहे? छपरावरचा बर्फ उतरवायला स्वतः चढू नका असं मार्सियाने गेल्या हिवाळ्यात कळवलं होतं, आणि तुम्ही चढलात, आणि पाठीचं तसं झालं, हे सगळं आम्हाला पास्टरांकडून कळलं. तळ्याकाठी डास कमी झाले असतील अशी आशा आहे. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही 'हं'च्या पुढे जात नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते दोन-तीन 'हं'मध्ये मावणारं नाही. एक आनंदाची बातमीही आहे. ती ओघात येईल. आधीच सांगितली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि पुढचं वाचणं फार गरजेचं आहे.

विषय आमच्या गाडीचा आहे. गाडी म्हणजे अर्थातच ऑस्ट्रँडर. आमच्या सासरेबुवांच्या, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाच्या घरी दुसऱ्या कंपनीचं नाव काढणं म्हणजे चर्चमध्ये शीळ घालण्यासारखं आहे, हे मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही ती बुटकी जर्मन गाडी घेतलीत तेव्हापासून दोघा भावांची भेट फक्त कुणाच्या तरी दफनाला होते. मी या वादात पडत नाही. (मी कशातच पडत नाही. मार्सिया म्हणते तोच माझा दोष आहे.) लग्नानंतर आम्हाला गाडी घ्यायची होती तेव्हा सासरेबुवा स्वतः शोरूममध्ये आले, एकेका गाडीचं दार उघडून लावून बघितलं, डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि 'गव्हर्नर' मॉडेलच्या एका तपकिरी ऑस्ट्रँडरवर हात ठेवून म्हणाले, "ही." आयुष्यभर कारखान्यात दारं बसवलेला माणूस. मी काय बोलणार? दार खरंच उत्तम लागतं. आमच्या गाडीत दाराइतकं चांगलं दुसरं काहीच नाही.

कंपनीचा इतिहास तुम्हाला पाठ आहे, तुम्हीही तिथे रंगखात्यात होतात. पण मी तो दर रविवारी दुसऱ्या प्रार्थनेनंतर वाटाण्याच्या सूपबरोबर ऐकतो, आणि एकट्याने ऐकून त्रास होतो, म्हणून थोडा तुमच्यावरही ढकलतो. कॉर्नेलियस ऑस्ट्रँडर बग्ग्या बनवायचा. घोड्याने लाथ मारून त्याचा गुडघा फोडला, तेव्हा त्याने रागाने बिनघोड्याची बग्गी बनवली. मग महापूर आला आणि गावातले आजारी लोक ऑस्ट्रँडरच्याच ट्रकांनी टेकडीवर नेले. मग मंदी आली, गाड्या कोणी घेईना, तेव्हा म्हाताऱ्याने एकाही माणसाला घरी न पाठवता दुधाचे कॅन बनवले. मग युद्ध, मग रुग्णवाहिका. इथे सासरेबुवांचे डोळे पाणावतात आणि सासूबाई सूपची भांडी उचलतात. त्यापुढचा इतिहास, म्हणजे नातवाने कंपनी शिकागोच्या बिस्किटांचे डबे करणाऱ्या लोकांना विकली आणि तेव्हापासून गाडीचा पत्राही डब्याच्याच जाडीचा येऊ लागला, तो आमच्या टेबलावर कधी येतच नाही. आमची गाडी मात्र त्याच काळातली आहे.

तर आमच्या गव्हर्नरचं दुखणं असं, की ती डावीकडे वळताना बंद पडते. सरळ छान जाते. उजवीकडे वळते. डावीकडे चाक फिरवलं की एक उसासा टाकते आणि रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात, आडवी उभी राहते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकलं. सासरेबुवांनाही तसंच वाटलं. अजून वाटतं, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत वाटत होतं. मी गाडी हबकून चालवतो आणि गाडीला ते कळतं, असं त्यांचं मत. विक्रेत्याकडे नेली तर त्याने ती माझ्यादेखत अंगणात गोल फिरवून दाखवली, उजवीकडून. मी म्हटलं डावीकडून फिरवा. तो म्हणाला, आता जेवायची सुट्टी झाली.

एरवी मी हेही चालवून घेतलं असतं. मी शाळेत भूगोल शिकवतो, नकाशे माझ्या हातातले. शाळा, चर्च, किराणा, सगळीकडे मी उजव्या वळणांनी जायचे रस्ते शोधून काढले. (किराण्याला जाताना वाटेत दुसरं गाव लागतं, पण तिथली ब्रेड चांगली आहे.) पण मार्सियाला दिवस गेले, आणि हॉस्पिटल चर्चपासून डावीकडे. विब काका, या उन्हाळ्यात मी काय भोगलं ते माझं मला माहीत. हॉस्पिटलला फक्त उजवीकडे वळत जायचा एक रस्ता निघाला, पण तो धान्याच्या कोठारांवरून, रेल्वेफाटक ओलांडून, दफनभूमीला वळसा घालून जात होता. मी त्याची रोज संध्याकाळी तालीम करायचो. फाटक बंद असलं तर काय, या विचाराने मला घास उतरेना. मार्सियाला हे सांगितलं तर ती म्हणाली की बाळंतीण आपल्यापैकी नक्की कोण आहे ते एकदा ठरवून टाकू.

याच काळात मी चर्चच्या तळघरात गेलो. तिथे ऑस्ट्रँडरबद्दल गाऱ्हाणी असलेल्या गाडीमालकांच्या संघटनेची बैठक भरायची. मी नुसता मागे बसून ऐकणार होतो. श्रीमती डायकेमांच्या गाडीचा हॉर्न पाऊस आला की आपोआप वाजतो, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना हवामानखातं म्हणतो. पास्टर रिट्समांच्या गाडीतला हीटर बंदच होत नाही. जुलैमध्ये ते दफनविधीला पोचतात तेव्हा त्यांची अवस्था बघून लोकांना मेलेल्याहून त्यांची जास्त काळजी वाटते. हे सगळं ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी उठून उभा राहिलो आणि डावीकडच्या वळणाचं बोललो. मग श्रीमती डायकेमा म्हणाल्या, "हा मास्तर नीट बोलतो." आणि त्यांनी मला सेक्रेटरी केलं. मी नको म्हणत होतो. पण मी नको म्हणतो ते लोकांना ऐकू येत नाही.

आता अडचण बघा. कंपनीला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून गावात मिरवणूक निघायची होती. सगळ्यात पुढे कॉर्नेलियसने स्वतः बनवलेली पहिली गाडी, आणि ती चालवायला आपले सासरेबुवा. (निवृत्त झाल्यापासून कंपनीच्या दालनात ते दर शनिवारी तिला पुसायला जातात. मार्सिया म्हणते, लहानपणी तिचे कान कोणी इतक्या निगुतीने पुसले नाहीत.) मागे शाळेचा बँड, त्यामागे नव्या गव्हर्नरमधून शिकागोचे साहेब. आणि आमच्या संघटनेने ठरवलं, की मिरवणुकीच्या शेपटीला आपणही गाड्या घेऊन जायचं आणि मंचावर अर्ज द्यायचा. अर्ज कोणी द्यायचा? सेक्रेटरीने. म्हणजे एका टोकाला सासरा आणि दुसऱ्या टोकाला जावई. मी आजारी पडायचा मनापासून प्रयत्न केला, पण मला नुसती शिंक आली.

मार्सियाला घरी एकटं ठेवायचा धीर होईना, म्हणून तिला माझ्याशेजारी बसवलं. मागे सासूबाई, मांडीवर लोण्याचा केक. ऊन मी म्हणत होतं. मिरवणूक मुंगीच्या पावलाने निघाली, आणि नव्या गाड्यांना तेच सोसलं नाही. बरोबर मंचासमोर थोरल्या साहेबांची गव्हर्नर वाफ सोडून थांबली. तिच्या मागची थांबली. मग एकामागून एक, आमच्यापर्यंत. बँड उगाच वाजत होता. आमची गाडी तर सरळ उभी असूनही बंद पडली, तेही नवीनच. मी किल्ली फिरवतोय, फिरवतोय, आणि मार्सिया अगदी शांतपणे म्हणाली, "लॉयड, मी गाडीला नावं ठेवत नाहीये. पण बाळ निघालंय."

मी पळालो. कुठे ते मला माहीत नव्हतं. ट्रोम्बोनवाल्यांमधून घुसलो, कोणाची तरी टोपी पाडली. सगळ्या रस्त्यावर एकच गाडी चालू होती, ती सगळ्यात पुढची, खटखट करत, जणू मागे काही झालंच नाही अशी. सासरेबुवा चष्मा चढवून ताठ बसले होते. मी पायरीवर उडी मारली आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुझी गाडी कुठंय?" मी म्हटलं, "बंद पडली, बाबा." त्यांनी मागे वळून बघितलं. मंचापासून धान्याच्या दुकानापर्यंत त्यांच्या कंपनीच्या गाड्या तोंड उघडून उभ्या होत्या आणि साहेब लोक कोट काढून त्यांना टोपीने वारा घालत होते. मी हबकून चालवतो असं या खेपेला ते म्हणाले नाहीत.

मग त्यांनी ती म्हातारी गाडी फुटपाथवर चढवली आणि उलट दिशेने आणली. बँडवाल्यांनी मार्सियाला उचलून त्या उंच बाकावर बसवलं. सासूबाई केकसकट चढल्या. मी पायरीवर लोंबकळत होतो. चर्चपाशी आलो तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सासरेबुवांनी हात बाहेर काढून रीतसर इशारा केला आणि गाडी डावीकडे वळली. वळली, विब काका. नुसती वळली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाव हेन्रिएटा ठेवलं आहे, तुमच्या आईचं.

हॉस्पिटलच्या बाकावर सासरेबुवांनी मला पेपरमिंट दिली. प्रवचनात देतात तशी, न बघता. मग म्हणाले, "हे किती दिवसांपासून चाललंय?" मी सगळं सांगितलं, हॉर्न, हीटर, कोठारांवरचा रस्ता. ते म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी दर रविवारी सांगत होतो. पण त्यांनी आणखी एक पेपरमिंट पुढे केली, म्हणून मी म्हटलं, चुकलंच, बाबा.

आता काळजीचं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी ती जुनी गाडी न्यायला आला. ती सासरेबुवांच्या गॅरेजात, वर गोधडी पांघरून. सासरेबुवा दारात उभे राहून म्हणाले, "माझ्या जावयाची घेऊन जा. ती नीट करून आण, मग ही ने." त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतो. मग श्रीमती डायकेमांची, पास्टरांची, सगळ्यांच्या गाड्या नीट करून आणायची अट पुढे आली आणि थट्टा नाही हे त्याला कळलं. आता वकिलाची नोटीस आली आहे आणि शेरीफ येऊन गॅरेज उघडणार म्हणतात. शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष कंपनीचा मॅनेजर आहे. माझी नोकरी राहते की जाते देव जाणे. सासूबाई सासरेबुवांना विचारतात, तुमच्या घराण्यात आणखी कोणी असं होतं का. मला तुमची आठवण झाली.

असो. उगाच तुम्हाला त्रास नको. फक्त खुशाली कळवायची होती. पाठीला जपा.

तुमचा,
लॉयड

ता. क. खुशाली कळवायची होती हे अगदीच खरं नाही. तुमच्या तळ्याकाठच्या गोठ्यात आता गाई नाहीत असं ऐकतो. एक जुनी गाडी काही आठवडे राहू शकेल का? ती जागा कमी घेते आणि आवाज खूप करते.

ता. क. हा प्रश्न उशिराने विचारतोय, याबद्दल माफ करा. पत्र टपालाने पाठवलेलं नाही. ज्याने ते तुमच्या हातात दिलं तो तुमचा भाऊ आत्ता त्या गाडीसकट तुमच्या दारात उभा असेल आणि तुम्ही वाचताना तुमचा चेहरा निरखत असेल. पत्रात फक्त बाळाची बातमी आहे असं मी त्यांना सांगितलं आहे. तेव्हा कृपा करून हसू नका, मोठ्याने वाचू नका, आणि त्यांना आत घ्या. पहाटेपासून मागच्या रस्त्यांनी आले आहेत, भूक लागली असेल. स्वतःहून मागणार नाहीत. तुमच्यासारखेच आहेत.

ता. क. सासरेबुवा मासे पकडायला जातो असं सासूबाईंना सांगून निघाले आहेत. सासूबाईंनी डबा भरून दिला. गळ मात्र इथेच भिंतीला टांगलेला आहे, आणि सासूबाई एव्हाना त्याच्याकडे बघत बसल्या असतील. परत पाठवताना दोन-चार मासे बरोबर द्यायला विसरू नका. मोठे नकोत, त्यांचा विश्वास बसणार नाही.