तिसऱ्यांदा विचारल्यावर

बाबा, इथे माणूस एकदा ‘नको’ म्हणाला की विषय संपतो. मी या परक्या मुलखात एका विद्यापीठाच्या कँटीनमध्ये ताटं वाढतो. पहिल्याच आठवड्यात एका गोऱ्या पोराने भाताला नको म्हटलं आणि मी सवयीने दोन डाव घातले. मॅनेजरने आत नेऊन झापलं. त्याला कसं समजवायचं, की आमच्या घरी पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर जे येतं ते खरं उत्तर? तुम्ही तर यातले महारथी. मामाकडे चहा आला की “आत्ताच घेऊन निघालो” म्हणायचात. मामीने एकदा दुसऱ्याच नकोला कप आत नेला, तर भायखळ्यापासून लालबागपर्यंत तुम्ही तिच्या माहेराचा उद्धार करत चालला होतात.

संप संपला असं कुणी म्हटलं नव्हतं, पण गिरणीचा भोंगा परत वाजायला लागला होता आणि चाळीतले एकेक जण मान खाली घालून कामावर जात होते. आपल्याकडे तेव्हा सकाळ-संध्याकाळ पेज. एके दिवशी तुमच्या खात्याचा जॉबर, माणसं कामाला लावणारा मुकादम, दारात उभा. “उद्या पहिल्या पाळीला या. साहेबाशी बोललोय.” आईने स्टोव्हची वात कमी केली, नीट ऐकू यावं म्हणून. आणि तुम्ही चटईवरून म्हणालात, “नको हो. बघू मागाहून.”

जॉबर पडला घाटावरचा, सरळ माणूस. “बरं,” म्हणाला आणि गेला.

“तो गेलो!” आई.

“येतलो परत. अजून दोनदा विचारूचा आसा त्याका.”

“मागसून धावा!”

“विचारणारो तो, आणि धावणारो मी?”

पुढे कितीतरी दिवस गॅलरीत पाऊल वाजलं की तुम्ही खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट चढवायचात. दूधवाला आला तरी शर्ट. शेवटी आईने खानावळ काढली आणि तुम्ही वाढपी झालात. नको म्हणणाऱ्याच्या ताटात तुमच्याइतका भात अख्ख्या गिरणगावात कुणी ओतला नसेल. त्या गडबडीत माझी शाळा कधी सुटली, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

इथे वरच्या मजल्यावर दर गुरुवारी एक वर्ग भरतो. राज्यकारभार, संघर्ष आणि शाश्वत विकास. पदवी मिळाल्यावरही ज्यांचं पोट भरत नाही, ती मुलं हे शिकतात. भांडण का होतं, कसं मिटवायचं, मिटल्यावर जमीन-पाणी कुणाला. आपल्याकडे हे सगळं चाळीच्या नळावर फुकटात व्हायचं. तरी मी कॉफी घेऊन गेलो की दारात रेंगाळतो. त्यांच्यातली एक मुलगी नागपूरची. परवा खाली येऊन म्हणाली, “दादा, तुम्ही लालबागचे ना? बंद गिरणीच्या जमिनीवरून लुटुपुटूची बोलणी आहेत. एक जण आजारी पडला. बसता का त्याच्या जागी?”

“कामगार?”

“नाही, मालक.”

“बापाला कळलं तर तंगडी तोडेल.”

“त्यांना कोण सांगून राहिलं?”

मीच सांगतोय.

ॲप्रन काढून मालकाच्या खुर्चीत बसलो. समोर कामगारांच्या बाजूने ती आणि दोन गोरी पोरं. त्यांनी मागण्या वाचल्या. कामगारांना घरं, पोरांना काम, उरलेल्या जागेत झाडं. मी म्हटलं, “दिलं.” तिने इंग्रजीत सांगितलं. पोरांनी मागण्यांचा कागद उलटून पाहिला. “सगळं?” “सगळं. वर भोंगाही वाजता ठेवतो.” त्यांनी डोकी एकत्र केली, कुजबुजले आणि म्हणाले, नको. मालक इतक्या सहज देतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे.

बाबा, मला खुर्चीत बसवेना. “अहो, घ्या,” मी म्हटलं. नको. “घ्या हो, माझी शपथ आहे.” तिसऱ्यांदा विचारताना आवाज असा काही फाटला की ती नागपूरची मुलगी भाषांतर करायचीच विसरली. “घेतलं दादा, घेतलं,” म्हणाली. “बसा तुम्ही.”

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, दुपारभर चालायचा खेळ तुम्ही कॉफी निवायच्या आत संपवलात, असा मालक जगात नसतो. मी म्हटलं, “ते मला माहीत आहे.” सगळे हसले. मग निघताना बाईंनी विचारलं, दर गुरुवारी येऊन बसाल का? परीक्षा नाही, काही नाही, नुसतं बसायचं, वाटलं तर बोलायचं. इतके दिवस त्या दारात उभा राहिलो तो कशासाठी? आणि तोंडातून निघालं, “नको हो, काम असतं.”

“बरं,” बाई म्हणाल्या. अगदी जॉबरसारखं.

हे पत्र टाकू तरी कुठे? तुम्ही गेलात, मागोमाग चाळही गेली. आणि असतात तरी पोस्टमनला पहिल्या फेरीला नको म्हणून परत पाठवलं असतंत. राहू दे खिशातच. आज गुरुवार आहे आणि सांगायला लाज वाटते, पण ॲप्रनखाली इस्त्रीचा शर्ट आहे. सकाळपासून जिन्यावर पाऊल वाजलं की बघून येतो. एकदा तर खरंच दूधवाला होता.

आता कॉफी वर न्यायची वेळ झाली. आज ट्रे खाली ठेवून मीच विचारणार आहे, बसू का म्हणून. रागावू नका. बाई नको म्हणाल्या, तर माझ्याकडे अजून दोनदा आहेत.