जाताना लागेल

अब्बा,

आज सकाळपासून कपाटावरचे खोके खाली काढत होते. टीव्हीचा, मिक्सरचा, मायक्रोवेव्हचा, इस्त्रीचा. प्रत्येकाच्या पोटात त्याचं त्याचं थर्माकोल जसंच्या तसं, आणि सगळ्यांवर इथली ती पिठासारखी बारीक वाळू. तुम्ही असतात तर खुर्ची धरून खाली उभे राहिला असतात आणि "कोपरे सांभाळ, कोपरे" करून माझं डोकं खाल्लं असतंत. बाई पडली तरी चालेल, खोक्याचा कोपरा दुमडता कामा नये. तुमच्या जावयांनी चहा पिता पिता विचारलं, की जन्मभर बापाच्या खोक्यांना हसलीस, मग हे कुणी जमवले? मी पुढचा खोका खाली घेतला.

खोके का काढले ते सांगायलाच बसले आहे. शारजाच्या औद्योगिक भागात ज्या स्पेअर पार्टच्या दुकानात ह्यांनी आयुष्य घालवलं, त्याच्या म्हाताऱ्या मालकाने गेल्या महिन्यात शटर ओढलं. पोरांना धंद्यात रस नाही म्हणाला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "खलास, हबीबी," संपलं, म्हणाला आणि स्वतःच रडला. मालक गेला की व्हिसा गेला, आणि ह्यांच्या व्हिसावर मी. इथला कायदा तुम्हाला मी काय सांगू? माझा मुलगा, तुम्ही न पाहिलेला तुमचा नातू, तिकडे हॉलंडमध्ये एका बंदराच्या गावात कंटेनरच्या कंपनीत नोकरीला आहे. तो म्हणतो इकडे या. ह्यांना रत्नागिरीचं घर दिसतंय, पडवीत खुर्ची, हातात गळ, समोर खाडी. आणि बंदरातला माल सोडवणाऱ्या ज्या क्लिअरिंगच्या ऑफिसात मी बिलं करते तिथला मल्याळी मॅनेजर म्हणाला, मॅडम, तुम्ही हो म्हणा, व्हिसा तुमच्या नावावर काढू, साहेब तुमच्या व्हिसावर राहतील. इन्शाल्ला, म्हणाला. आठवडाभरात उत्तर हवं होतं. नोकरीचा मला मोह नव्हता. घोळ तुमचा होता. मी गेले की या गावात तुमच्याजवळ आपलं कुणीच उरत नाही.

इथल्या रोला भागातली आपली खोली आठवते? दोन बिल्डिंगांच्या फटीतून बोटभर पाणी दिसायचं आणि त्या बोटभर पाण्यातून लाकडी लाँच जायच्या, आधी नाक, मग नुसतं सामान, मग शेपूट. मी चार वर्षांची असताना आलो आपण. घरातल्या प्रत्येक वस्तूवर प्लॅस्टिक. सोफ्यावर, गादीवर, फ्रिजच्या मुठीवरसुद्धा. उन्हाळ्यात त्या सोफ्यावरून उठलं की मांड्यांची सालं निघायची. एकदा तुम्ही धक्क्यावर गेला होतात, तेव्हा मी कात्रीने सोफ्याचं प्लॅस्टिक सोलून काढलं आणि त्या मऊ, हिरव्या कापडावर गाल ठेवून झोपले. तुम्ही आलात. तुम्ही हात कधी उगारला नाहीत, त्या दिवशीही नाही, पण आवाज असा काही चढला की शेजारची सिंधी बाई दारात आली. "हे सामान आपलं नाही," म्हणालात, "गावच्या घराचं आहे. इथे फक्त ठेवलंय." मग सेलोटेप घेऊन तुम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत तो सोफा परत गुंडाळत बसलात. आईने मला डोळ्यानेच दटावलं, गप, हूं की चूं करू नकोस. मला तेव्हा वाटायचं, आपणसुद्धा गावच्या घराचेच आहोत, आपल्यालाही इथे फक्त ठेवलंय.

आणि तुमचं ते वाक्य. ही दोन वर्षं शेवटची. व्हिसा नवा झाला की तुम्ही पासपोर्ट कपाटात ठेवायचात, कपाटावरच्या खोक्यांवरून एकदा हात फिरवायचात आणि म्हणायचात, ही दोन वर्षं शेवटची. आई मान हलवायची आणि भाताला आधण ठेवायची. मी मोठी होत गेले, शाळा झाली, गाणी बदलली, समोरच्या वाळूत बिल्डिंगा उगवल्या, आणि ती दोन वर्षं काही संपेनात.

पण एक दिवस वेगळा आहे. तो मी कितीदा आठवला असेल, आता तो घडला की मी स्वप्नात पाहिला हेही मला सांगता येणार नाही. मला कांजिण्या आल्या आहेत. अंग पेटलंय, शाळा बंद, बाहेर हिवाळ्यातलं दाट धुकं. फटीतलं पाणी दिसत नाही, फक्त लाँचचा भोंगा ऐकू येतो, कुठून तरी, मग परत दुसरीकडून. आदल्याच आठवड्यात नवा फ्रिज आलेला. त्याचा खोका भिंतीला उभा, आपल्या घरातला सगळ्यात मोठा, सगळ्यात मानाचा. मी रडून घर डोक्यावर घेतलंय, मला इथे नाही झोपायचं, मला माझं घर पाहिजे. कुठलं घर, ते मलाही माहीत नाही. तुम्ही कामावर निघालेले, डबा हातात. डबा खाली ठेवता. स्वयंपाकघरात जाता आणि मासळी कापायची सुरी घेऊन येता. आईच्या तोंडून नुसता "अहो" एवढाच शब्द निघतो. तुम्ही खोका आडवा करता आणि कापता. एक दार कापता. मग विचार करून एक खिडकी, बरोबर त्या फटीच्या दिशेने. आत गोधडी घालता, मला उचलून आत ठेवता. आत पुठ्ठ्याचा वास आहे आणि मधासारखा उजेड. तुम्ही खिडकीतून तोंड घालता, मिशीवर धुक्याचं पाणी आहे म्हणावं तर तुम्ही अजून घराबाहेर पडलेलेच नाही आहात. "हे तुझं घर," म्हणता. "इथून तुला कुणी उठवणार नाही."

मी त्यात पाच-सहा दिवस राहिले असेन. संध्याकाळी धक्क्यावरून आलात की तुम्ही बाहेर बसून, खिडकीतून हात घालून मला कलिंगडाच्या फोडी द्यायचात आणि आज कुठल्या लाँचमध्ये काय चढलं ते सांगायचात. टायर, चहाच्या पेट्या, गाद्या, एकदा तर बकऱ्या. माल मोजायचं तुमचं काम, पण मला सांगताना तुम्ही आकडे सांगायचा नाहीत, रंग सांगायचात. निळी लाँच. हिरवी. एक अशी, की तिच्यावर मोर रंगवलाय. मी आतून विचारायची, त्या कुठे जातात? तुम्ही म्हणायचात, आपापल्या गावी. सगळ्या लाँच आपापल्या गावी जातात हे तुम्ही अशा आवाजात सांगायचात की मला तिथेच झोप लागायची.

आणि मग तुमचं ते जाणं. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, आई मामाच्या घरच्या लग्नासाठी गावी गेलेली. दुपारी धक्क्यावर तुमच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा तुमच्या खिशातला रुमाल अजून ओला होता. गावी न्यायचं का, असं कुणीतरी विचारलं, आणि वडीलधाऱ्यांनी ठरवलं की मय्यत ताटकळत ठेवू नये. दुसऱ्या दिवशी असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर तुम्हाला इथल्याच वाळूत ठेवलं. आई पोचली ती त्यानंतर. ती रडली नाही. इद्दतीचे, नवऱ्यामागे घराबाहेर न पडण्याचे दिवस तिने माझ्याकडे काढले, आणि ते संपल्यावर खोलीतल्या एकेक वस्तूचा खोका खाली काढायला लावला. थर्माकोल बसलं, झाकणं बसली. एकही कोपरा दुमडलेला नव्हता. तुमचे सगळे खोके कामाला आले, अब्बा, एक फ्रिजचा सोडून. तो फ्रिज गोधडीत गुंडाळून गेला. कार्गोने सामान रत्नागिरीला पोचलं, ते लावून झाल्यावर आईने मला फोन केला. म्हणाली, "सामान सगळं नीट आलं. माणूस तेवढा तिथे राहिला." एवढंच बोलली आणि फोन माझ्या मामीकडे दिला. पुढे आई वारली तीही तिकडेच, गावच्या मातीत. तुम्ही दोघं आता समुद्राच्या दोन काठांना आहात, आणि ह्याचा मला आजही राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

आम्ही शुक्रवारी येतो हे तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी भिंतीलगत गाडीत काच खाली करून बसते आणि हे आत जातात. सगळ्या कबरी सारख्या, नाव नाही, दगड आणि वाळू. ह्यांना मात्र तुमची जागा डोळे मिटून सापडते. मी भिंतीशी बोलते. काय काय सांगितलंय मी तुम्हाला त्या भिंतीतून! पोराचे मार्क, माझं ऑपरेशन, बांगड्याचा भाव, आईचं जाणं. पलीकडे रस्ता आहे, त्याच्या पलीकडे पाणी, आणि वारा फिरला की कधी कधी भोंगा ऐकू येतो. एकदा अशीच बसले असताना मनात आलं, की आपल्या घरातून या देशात कायमचं राहायला मिळालं ते तुम्हाला एकट्याला. ना व्हिसा, ना मेडिकल, ना हमी घेणारा कफील. आणि बांधाबांध करून बसलेले तर तुम्हीच होतात. मला हसू आलं, आणि हे परत आले तेव्हा मी ओढणीने डोळे पुसत होते.

तर गेल्या आठवड्यात घरात भांडण झालं. मुलगा व्हिडिओवर होता. मी म्हटलं, तुझ्या नानांना, माझ्या बापाला टाकून कशी येऊ? तो म्हणाला, "ममा, इट्स जस्ट अ ग्रेव्ह. नाना वोन्ट माइंड." कानाखाली वाजवाविशी वाटली, पण फोनमधून कशी वाजवणार? मग त्यालाच वाईट वाटलं बिचाऱ्याला. तिथे पाऊस आहे, अंधार आहे, एकटा आहे तो. त्याच्या मागची भिंत दिसत होती, आणि भिंतीशी लावून ठेवलेले दोन खोके. मी बघितले. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, कबरीसाठी कुणी परदेशात राहतं का? मी म्हटलं, परदेश कुणाचा? तुमचा असेल. मी चार वर्षांची असल्यापासून इथे आहे. तुम्ही जा पडवीत, मी राहते. असं मी ह्यांना कधीच बोलले नव्हते. हे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ कपबश्या विसळत राहिले. दमलेत हो ते. वाळूत, ग्रीसमध्ये, कंबर वाकवून जन्म काढलाय. त्यांची खाडी मी हिरावून घेत होते हे मला कळत होतं, आणि तरी मला माघार घेता येत नव्हती.

शुक्रवारी आम्ही तुमच्याकडे आलो. हे आत गेले ते येईचनात. फातिहा पढायला एवढा वेळ लागत नाही. ऊन चढलं, मी तीनदा दाराकडे पाहिलं. शेवटी आले, चपलांतून वाळू झटकली, सीटवर बसले आणि पट्टा लावता लावता म्हणाले, "सांगून आलो त्यांना."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आम्ही आहोत अजून. ही दोन वर्षं शेवटची."

हे वाक्य कुणाचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, अब्बा. मी कधी सांगितलंच नव्हतं. मी हसायला लागले, मग रडायला लागले, आणि हे घाबरून म्हणाले, काय झालं, चुकीचं बोललो का? मी म्हटलं नाही, यल्ला, गाडी काढा. तिथूनच मॅनेजरला फोन करून हो म्हटलं.

तेव्हा ठरवलं, आता इथे ठेवल्यासारखं राहायचं नाही. म्हणून हे खोके. दुपारी गल्लीतला पुठ्ठेवाला बंगाली भाई सायकल घेऊन आला. त्याने एकेक खोका पायाने चेपला, घडी घातली, सुतळीने बांधला. तुमचे ते जपलेले कोपरे! मी खिडकीतून बघत होते, आणि सोफ्यावर नवीन कव्हर घातलंय, कापडाचं, मऊ. आजच नवा फ्रिजही आला. जुना वर्षभर कुरकुरत होता, जाताना कोण घेणार म्हणून आम्ही ढकलत होतो. डिलिव्हरीवाल्याने विचारलं, मॅडम, खोका घेऊन जाऊ? मी म्हटलं, राहू दे.

हा कागद पाठवायचा कुठे? भिंतीवरून टाकायला मी काही शाळकरी मुलगी नाही. पण एक सांगायचं राहिलं, ते तुम्हालाच सांगता येईल. हे मघाशी नमाजला गेले तेव्हा मी तो खोका आडवा केला. मासळीची सुरी आणली. खिडकी कुठल्या दिशेने काढायची तेही ठरवलं, आमच्या बाल्कनीतूनही थोडं पाणी दिसतं. सुरीचं टोक पुठ्ठ्याला लावलं, आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. मग सुरी धुऊन ठेवली, खोका उभा केला, थर्माकोल आत सरकवलं. आता तो दाराआड उभा आहे. तुम्ही कसा कापलात हो, अब्बा? माझ्याच्याने नाही कापवला.