राखाडी स्वेटरची डावी बाही

दि. ४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला बोटं हलती ठेवायला सांगितली आणि तू चक्क विणकाम शिकायला घेतलंस, हे वहिनीच्या पत्रातून कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच खो खो हसले. मग डोळ्यांत पाणी आलं, ते वेगळं. चाळीस वर्षं केसाएवढे काटे चिमट्याने बसवणाऱ्या घड्याळजीच्या हातून चहाचा कप डुचमळतो, हे मला अजून खरंच वाटत नाही. दुकान बंद केलंस ते बरं केलंस की वाईट, तेही ठरवता येत नाही.

असो. माझ्या पलंगाखालची ट्रंक तुला पाठवते आहे. आमचे हे तिला अनाथालय म्हणतात. तीस वर्षांत मी जे जे विणायला घेतलं आणि सोडून दिलं, ते सगळं तिच्यात आहे. एकदम नवीन काही विणण्यापेक्षा आयतं अर्धवट मिळालं तर शिकायला सोपं जाईल. मी आरंभशूर, म्हणून तर तू माझं नाव घाई ठेवलंस. आता शेवट तू कर. उरलेली लोकरही त्या त्या वस्तूबरोबर बांधून ठेवली आहे.

वहिनीला नमस्कार. ट्रंकेतून झुरळ निघालं तर ते माझं नाही. दोघांची माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
घाई

दि. १९ नोव्हेंबर

चि. घाईस,
अनेक आशीर्वाद.

ट्रंक पोचली. झुरळ नव्हतं, पण तुझा हरवलेला चष्मा निघाला. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून ठेवलंय, त्यामुळे मी आणि तुझी वहिनी चार दिवस ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो आहोत. तिची बोलणी तुला पोचवायची राहिली, ती पोचली असं समज.

दुकानात बंद घड्याळ आलं की मी ते लगेच उघडत नसे. आधी विचारायचो, कधी थांबलं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं. गिऱ्हाईक वैतागायचं, पण निम्मा रोग तिथेच कळायचा. तुझ्या ट्रंकेला मी तेच विचारतोय. आठ वस्तू आहेत आणि त्यातली एकही मध्यावर थांबलेली नाही. हातमोज्याला फक्त अंगठा नाही. मफलरची शेवटची ओळ सुईवर तशीच आहे. बाळाच्या टोपीला एक शिवण घातली की झालं, पण ते बाळ आता दाढी ठेवून बस चालवतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तशी तुझी आठ शेपटं माझ्या टेबलावर आहेत. हा आळस नव्हे गं. आळशी माणूस सुरुवातीलाच थांबतो. तू शेवट आला की का थांबतेस?

आणि तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला राखाडी स्वेटर कोणाचा? पुरुषी आहे, आणि सगळ्यांत सुबक आहे. फक्त गळा राहिलाय. मेहुण्यांचा म्हणावा तर त्यांच्या पोटाशीच अडेल. कोण हा भाग्यवान?

इकडे नवीन शर्ट शिवून आणला. शिंपी तिसरा, चूक तीच. डावी बाही पुन्हा तळहातावर येते. एवढ्या मोठ्या गावात दोन बाह्या सारख्या शिवणारा एक शिंपी नसावा? मी फाडफाड बोलून आलो.

कळावे. पत्राला उशीर कर, पण उत्तर अर्धवट सोडू नकोस.

तुझा,
दादा

दि. २८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चष्म्याबद्दल आभार. दोन वर्षं मी आमच्या यांच्यावर संशय घेत होते.

शेवटाशी का थांबते, ते मला कुठे ठाऊक? हातातली वस्तू संपली की ती कोणाच्या तरी अंगावर जाते, मग तो माणूस खांदा ओढून बघतो, आरशात बघतो, आणि तोंडाने छान म्हणतो. ती पाच मिनिटं मला झेपत नाहीत. सुईवर असेपर्यंत कोणी नावं ठेवत नाही. झालं समाधान? हातमोज्याचा अंगठा कर, मफलर संपव, काय हवं ते कर.

राखाडी स्वेटर मात्र तुला पाठवायचा नव्हता. ट्रंक भरताना घाईत गेला. अभ्र्यात तसाच गुंडाळ आणि परत पाठव. त्याला हात लावू नकोस दादा, आणि मला त्याबद्दल काही विचारूही नकोस. एवढं एक माझं ऐक.

तो शिंपी बिचारा असेल. त्याला इतकं बोलू नये.

वहिनीला नमस्कार. राग धरू नये.

तुझी,
घाई

दि. १२ डिसेंबर

चि. घाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाचे पराक्रम ऐक. हातमोज्याला अंगठा केला, तो करंगळीच्या बाजूला आला. उसवला, पुन्हा केला. मफलर संपवला, वहिनीने गळ्यात घातला आणि मंडईत तीन जणींनी चौकशी केली म्हणून ऐटीत घरी आली. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून ओळीला दहा टाके सुटायचे, आता दोन सुटतात. कप अजून डुचमळतो, पण सांडत नाही. डॉक्टर खूश आहेत, मी त्यांच्याहून खूश आहे. तुझी ट्रंक आली नसती तर मी खिडकीत बसून लोकांच्या मनगटांवरची घड्याळं मोजत बसलो असतो, हे खरं सांगतो.

आता कबुली. मला विचारू नकोस म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. तुझं पत्र येण्याआधीच मी तो राखाडी स्वेटर टेबलावर पसरून पोलादी पट्टीने मोजला होता. आणि सापडली चूक! डावी बाही उजवीपेक्षा बरोबर दोन बोटं आखूड. मी म्हटलं, हे कारण आहे होय! बाईसाहेबांची मोजणी चुकली, लाज वाटली, आणि अभ्र्यात लपवला. एवढ्यासाठी इतकं गुपित? तू बाही खांद्याकडून खाली विणली होतीस, त्यामुळे काम सोपं झालं. मनगटाचा काठ उसवला, उरलेल्या लोकरीने दोन बोटं वाढवली, पुन्हा काठ विणला. आता दोन्ही बाह्या तंतोतंत सारख्या आहेत. गळ्याचे टाके सुईवर असल्यामुळे अंगात घालून बघता आला नाही, पण कोणाचा आहे ते कळव, म्हणजे गळा करून त्यालाच पाठवतो.

शाबासकी पाठव. ती अर्धी चालणार नाही.

तुझा,
दादा

दि. २० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, काय केलंस हे. ती चूक नव्हती.

तो स्वेटर तुझा आहे. तुझा डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. तुझे शिंपी तिघेही बरोबर होते. दोन्ही बाह्या सारख्याच शिवत होते ते.

मी सहा वर्षांची होते, तू नऊ. मागच्या भिंतीवर तू बसला होतास आणि मला वर घेत नव्हतास. मी खालच्या पेटीवर चढले आणि तुला दोन्ही हातांनी ढकललं. तू पडलास. आईने विचारलं तेव्हा तू कण्हत होतास आणि मी दाराआड उभी होते. पाय घसरला असं कोणीतरी म्हणालं, मी गप्प राहिले. प्लॅस्टर निघाल्यावर हात बरा झाला असं सगळे म्हणाले. पण शर्ट शिवताना आईच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती तुझी डावी बाही गुपचूप आखूड शिवायची. मला म्हणाली, त्याच्यापुढे बोलू नकोस, पोराच्या मनाला लागेल. तिला वाटलं मी लहान म्हणून मला बजावावं लागतंय. मी का बोलणार नव्हते ते तिला माहीत नव्हतं.

आई गेल्यावर तू शिंप्यांकडे जायला लागलास आणि दर शर्टाला भांडायला लागलास. मला ते ऐकवेना. म्हणून हा स्वेटर घेतला, आई तुझ्या बाह्यांना घ्यायची त्या मापाचा. गळ्यापर्यंत आले आणि मनात आलं, हा त्याला नीट बसणार. आई गेल्यापासून पहिल्यांदा बाही नीट बसली की दादा विचारणार, हे कसं काय? तू तर विचारल्याशिवाय राहत नाहीस. तिथे सुई थांबली. त्यानंतर काहीही विणलं तरी शेवटाशी आले की हात जड होतो. विचारत होतास ना, त्याचं उत्तर हे.

तुझा धंदा हाताचा होता. मी तो हात मोडला. आता तेच हात थरथरतात, तर रोज वाटतं की हेही माझ्यामुळेच. तू रागावलास तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस. एवढी भीक घाल.

तुझी,
घाई

दि. २ जानेवारी

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

तुम्ही काय लिहिलंत ते यांनी मला वाचू दिलं नाही. पत्र आलं त्या दिवशी मला आरशासमोर उभं करून हातात पट्टी दिली आणि दोन्ही हात मोजायला लावले. एकदा नाही, चारदा. तिसऱ्या दिवशी जुना कोट घालून बाहेर पडले ते जेवणवेळ टळून गेल्यावर आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, तिन्ही शिंप्यांकडे. काल सकाळपासून सुया घेऊन बसलेत आणि मला टेबलाजवळ फिरकू देत नाहीत. तुम्ही काळजी करत असाल म्हणून चार ओळी लिहिल्या. हे चिडलेले नाहीत, एवढं मला कळतं.

तुमची,
वहिनी

दि. ६ जानेवारी

चि. घाईस,
अनेक आशीर्वाद.

आधी मोजमाप. उजव्यापेक्षा डावा हात दोन बोटं कमी, चारही वेळा. आयुष्यभर लोकांच्या वस्तूंत केसाएवढा फरक शोधला आणि स्वतःला कधी पट्टी लावली नाही. शिंप्यांची माफी मागून आलो. पहिला वारला, त्याच्या मुलाकडे मागितली. दुसऱ्याला मी आठवतच नव्हतो. तिसरा म्हणाला, पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण तुम्ही इतके तावातावाने भांडत होता की सांगायचा धीर झाला नाही.

आता तुझं. वेडाबाई, पाठीवर दोन इवले हात पडले ते मला कळलं नसेल? ढकलणारा विसरेल, पडणारा कसा विसरेल? पाय घसरला असं कोणीतरी म्हणालं नाही, मीच म्हणालो. आईच्या हातात लाटणं होतं आणि तू दाराआड कापत होतीस. वर घेत नव्हतो म्हणून चूक माझीही होती. दुसऱ्या दिवशी तू तुझी दुधावरची साय माझ्या वाटीत घातलीस, तिथे माझ्यापुरतं ते संपलं. तू इतकी वर्षं ते उराशी घेऊन बसलीस हे मात्र मला कळायला हवं होतं. त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. आणि याच हातांनी मी चाळीस वर्षं घड्याळं चालवली. थरथर वयाची आहे, आपल्या वडिलांनाही होती. ती तुझ्या नावावर लावू नकोस.

डावी बाही पुन्हा उसवली आणि दोन बोटं कमी करून तुझ्या मापावर आणली. एकदा विणलेल्या लोकरीला वळणं पडतात, ओढून सरळ होत नाही. पण विणायला ती अडत नाही, असं आढळलं.

गळा मी करणार नाही. येतो मला, हातमोज्याच्या अंगठ्यापेक्षा सोपाच आहे. पण ते टाके तुझे आहेत. सुई तशीच ठेवली आहे, लोकर पुरेशी आहे. तू ये, माझ्यासमोर बसून शेवटची ओळ बंद कर आणि मग समोर उभी राहा. मी तो घालीन, खांदा ओढून बघीन, आरशात बघीन. ती पाच मिनिटं तुला झेपत नसतील तर वहिनी हात धरायला आहे.

आणि हो, नीट कसा बसला, असं मी विचारीन. उत्तर पाठ करून ये.

वाट बघणारा,
तुझा दादा